कापसातली झोप

खामगावात जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत माझ्या सासूबाईंची खानावळ होती. खानावळ म्हणजे आमच्याच घराची पुढची पडवी, दोन चुली आणि भिंतीत ठोकलेली एक लांब फळी. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, मेहकर-लोणारकडून, माणसं हंगामाला येत आणि होळीपर्यंत राहत. येताना प्रत्येक जण आपलं ताट आणि पाण्याचा गडवा घेऊन येई. दुसऱ्याच्या ताटात जेवायची तेव्हा पद्धत नव्हती, आणि सगळ्यांना भांडी पुरवणं सासूबाईंना परवडणारंही नव्हतं. ताटं फळीवर ओळीने उभी राहत. होळी झाली, जिन बंद झालं, की गावी जाणारा माणूस आपलं ताट फळीवर पालथं घालून जाई. पालथं ताट म्हणजे पुढच्या हंगामाला येणार. ज्याला यायचं नसे तो ताट सोबत घेऊन जाई, आणि मग सासूबाई त्याचा निरोप जरा जास्त वेळ घेत.

आमच्याकडे माणसांना नावाने हाक मारत नसत. मेहकरवाला, चिखलीवाला, लोणारवाला. मी नवी सून होते, सातवी शिकलेली, मला ते उर्मट वाटायचं. एकदा सासूबाईंना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "नाव इचारलं की आडनाव इचारा लागते. आडनाव इचारलं की पंगत मोडते. तू वाढ गुमान." मी वाढायला लागले.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. दारूबंदी होती, पण ती पोलीस ठाण्याच्या भिंतीवर. बाकी गावात सायकलच्या ट्यूबमध्ये भरून गुळाची दारू सगळीकडे फिरायची, आणि ती कुठे उतरते हे ठाण्यातल्या माणसांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. जिनात काम करणाऱ्याच्या नाकातोंडात कापसाची तूस जाते. दिवसभर खोकला, थुंकीत पांढरे धागे. त्यावर उतारा म्हणून जिनाचा मालक रोज सकाळी प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचा, आणि आपण फार धर्म केला अशा चेहऱ्याने बघत राहायचा. माणसांची समजूत अशी की गुळाने तूस घशापर्यंत येते, तिथून खाली उतरवायला दारूच लागते. म्हणून सकाळी मिळालेला गूळ काही जण संध्याकाळी भट्टीवाल्या बाईला देत आणि तिच्याकडून त्याच गुळाची दारू घेत. मला याचं कधी हसू यायचं, कधी संताप. आता नुसता संताप येतो.

लोणारवाला आणि त्याचा जोडीदार बरोबरच आले होते. गावं वेगळी, पण रस्ता एक. मेहकरहून लोणारकडे जाताना आधी जोडीदाराच्या गावाचा फाटा लागायचा, लोणारच्या पलीकडे लोणारवाल्याचं गाव. लोणारवाला घुमा, मान खाली घालून जेवणारा. सगळी बडबड जोडीदाराची. भाकर वाढली की जोडीदार म्हणे, "वैनी, हे भाकर हाये का जात्याची पाळ?" आणि मी भाकर परत घेऊ लागले की दोन्ही हातांनी ताट झाकून धरी. त्याच्या ताटाची एक बाजू चेपलेली होती. फळीवर ते नीट उभं राहत नसे, कोणी पाय आपटत चाललं की खणखणायचं.

त्या वर्षी जोडीदार पांघरुणाशिवाय आला होता. जेवण झालं तरी चुलीजवळून हलत नसे. मी म्हटलं, घरून काही आणलं नाही का? तो हसत म्हणाला, "वाकळ एकच हाये घरी. माय म्हने तू ने, मी म्हनलं तू ठेव. बुढीनं ठेवली, बरं झालं. आमाले काय, कापूस हाये ना."

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. रात्रपाळी करून सकाळी सुटलेल्या माणसांनी पत्र्याच्या चाळीत झोपावं असा नियम होता. पौषातल्या सकाळी तो पत्रा असा गार पडायचा की अंगाला चिकटेल. म्हणून माणसं कापसाच्या ढिगाला बगलेतून भोक पाडत आणि आत शिरून झोपत. आंगणभर डोंगराएवढे ढीग असत. आत चांगली ऊब. मुकादम दिसला तर शिव्या देई, पण तो सगळे ढीग थोडाच उकरून बघणार. शहाणा माणूस पाय बाहेर ठेवून झोपायचा. पण पाय बाहेर ठेवले की पायांनाच थंडी वाजते.

जोडीदार एका सकाळी पाळी सुटल्यावर प्यायला आणि असाच ढिगात शिरला, पायांसकट. लोणारवाल्याने त्या दिवशी पाळीला जोडून दुसरं काम धरलं होतं, आलेल्या गाड्या मोकळ्या करायचं. टोपल्या भरायच्या, फळकुटावरून वर चढायचं, ढिगावर ओतायच्या. तो दुपारपर्यंत ओतत राहिला. जेवायला आला तेव्हा दोघांच्या भाकरी मागून म्हणाला, जोडीदार उठला की खाईल. दिवस कलताना ढिगाची ती बाजू यंत्राकडे ओढायला घेतली. ओढणाऱ्यांत तोही होता. पाय त्याच्याच हाताला लागला.

पोलीस आले, तोंडाचा वास घेतला आणि दारूने मेला असं ठरलं. जिनवाले म्हणाले दारूने मेला, मुकादम म्हणाला दारूने मेला, आमच्या गल्लीतही तेच. सगळ्यांची सोय झाली. दारूने मेला म्हटलं की पत्र्याची चाळ, पौषातली थंडी, एका वाकळीचं घर, यातलं काही बोलावं लागत नाही. त्याच्या गावाहून माणूस येईपर्यंत कोण थांबणार? माती इथेच झाली. मुकादमाने लोणारवाल्यालाच सांगितलं, जा, त्याच्या मायला निरोप दे. तो मोटारस्टँडवर गेला आणि गाडी सुटून जाईपर्यंत तिथल्या एका टपरीमागे पीत बसला. शेवटी निरोप दुसऱ्याच कोणी तरी पोचवला. जिनात मेला, एवढाच.

त्यानंतर लोणारवाल्याने ते सुरू केलं. टोपली घेऊन वर चढायचा, ओतायच्या आधी थांबायचा आणि ढिगाला विचारायचा, "हाय का बे कोनी?" मग कान देऊन उभा राहायचा. मग टोपली खाली ठेवून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचा. असं प्रत्येक टोपलीला. आमच्या मागच्या दारातून जिनाचं आंगण दिसायचं. मी भांडी घासताना ते ऐकायची, आणि माझा हात थांबायचा. पहिल्यांदा बाकीची माणसं गप्प राहिली, मग हसायला लागली, मग चिडली, कारण गाड्या खोळंबत होत्या. मुकादमाने त्याला तिथून काढून सरकी भरायला लावलं. तो सरकीच्या पोत्यालाही विचारायला लागला.

खानावळीतही एक दिवस तो आला आणि जोडीदाराच्या ताटाकडे बोट करून म्हणाला, "मावशी, त्याच्यात बी वाढा."

पंगत थांबली. मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या त्याला चार शब्द सुनावतील, त्यांची जीभ तशी होतीच. त्या उठल्या, ताट काढलं, पुसलं, अर्धी भाकर आणि वरण वाढून त्याच्या शेजारी मांडलं. त्याने आपलं जेवण संपवलं, ते ताट बाहेर नेऊन गायीला घातलं आणि धुऊन परत आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारी बसणारे उठून लांब बसायला लागले. चिखलीवाला तर म्हणाला, मी दुसरी खानावळ बघतो, मेलेल्याच्या पंगतीला मी बसत नसतो. सासूबाई म्हणाल्या, "जाय बापा. तिथं बी कोनाचं ना कोनाचं ताट असंलच." तो गेला नाही, पण तोंड भिंतीकडे करून जेवायला लागला.

मी भित्री नाही. पण त्या ताटात मी लांबूनच वाढायची. दुपारी घरात कोणी नसलं आणि फळीवर ते एकटंच खणखणलं की मी चुलीतलं लाकूड हातात घेऊन बसायची. नवरा म्हणायचा, मालगाडी जाते तेव्हा वाजते. हो, जात असेल. जलंबकडची ती गाडी मलाही ठाऊक होती. पण गाडी नसतानाही मी ते ऐकलं आहे.

होळी झाली. जिनाचा भोंगा बंद झाला. एकेक माणूस ताट पालथं घालून गावी गेला. लोणारवाला गेला नाही. बंद जिनाच्या फाटकाशी पडून राहायचा. जे मिळेल ते काम करायचा आणि मिळेल ते प्यायचा. आता खोकला नव्हता, तूस नव्हती, पण दारू होती. जेवायला दोन दिवसांतून एकदा यायचा, तेव्हा मात्र दोन्ही ताटं काढायला लावायचा. त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले होते. सासूबाई म्हणाल्या, हा पावसाळा बघत नाही. गावी का जात नाही विचारलं तर म्हणे, "जातो ना मावशी. उद्या."

परत गेलेल्यांपैकी कोणी तरी त्याच्या बायकोला सांगितलं असावं. ती एका सकाळी आमच्या दारात उभी राहिली, कडेवर एक लहान मुलगी. काटकुळी, उन्हाने काळवंडलेली, बोलणं मात्र धारदार. नवऱ्याला फाटकापासून उठवून हाताला धरून आमच्या पडवीत घेऊन आली. त्याच्या कमरेची बाटली काढून गटारात ओतली आणि मुलीला पुढे करून म्हणाली, "इच्या डोक्यावर हात ठेवा. म्हना, आता एक थेंब नाही."

त्याने हात ठेवला. म्हटलं. आम्ही सगळे भारावलो. गल्लीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आता सुटला, असं मलाही वाटलं.

लेकराच्या डोक्यावरची शपथ मोडत नसतात. त्याने मोडली नाही. आणि त्यामुळेच पुढचं झालं. आधी हात थरथरायला लागले, गडवा तोंडाशी नेता येईना. मग घाम. मग झोप गेली ती गेलीच. आणि मग तो अंगावरून कापूस वेचायला लागला. कापूस कुठेच नव्हता. तो दंडावरून, छातीवरून, जिभेवरून दोन बोटांनी एकेक धागा ओढायचा आणि बाजूला टाकायचा. मुलीला जवळ ओढून तिच्या केसांतून वेचायचा. ती बिचारी गंमत वाटून हसायची. पडवीच्या कोपऱ्याकडे बघून तो म्हणायचा, "थांब बे, काढतो. थांब, काढून राह्यलो ना." त्या कोपऱ्यात मला पाणी भरायला जावं लागायचं. मी जाणं सोडलं. घागर दुसरीकडे ठेवली.

गल्लीने निवाडा दिला. जोडीदाराने धरलं. मेलेल्याला रोज ताट मिळत होतं, दारू मिळत होती, ती शपथेने बंद झाली, आता तो आपला वाटा मागतो आहे. बायकोला ते पटलं. पटणारच. नवरा दारू पीत होता तोवर निदान माणसासारखा दिसत होता, सोडल्यावर त्याला भूत दिसायला लागलं. ती म्हणाली, डोंगरातल्या दर्ग्यावर नेते, तिथे अशा माणसांना बांधून ठेवतात, बरी होतात. आमच्याकडून हिंदू-मुसलमान सगळेच तिथे जात, त्यात तिचं चुकत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "नेजो. पन आधी दवाखाना पाहू. तो लांब नाई."

दवाखान्यातला डॉक्टर म्हातारा होता, आणि फार बोलणारा नव्हता. त्याने लोणारवाल्याची बोटं पाहिली, डोळे पाहिले आणि विचारलं, दारू कधीपासून बंद केली? बायकोने मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "एकदम बंद केली म्हणून हे झालं. भूत नाही, काही नाही. अशाने माणूस मरतो. थोडी थोडी द्या आणि कमी करत आणा." सोबत काही गोळ्या दिल्या.

बायको दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागली. लेकीच्या डोक्यावरची शपथ मी कशी मोडायला लावू, म्हणाली. घरी आल्यावर सासूबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ काढली, खुंटीला अडकवली आणि दुधाची चरवी घेऊन भर दुपारी भट्टीवाल्या बाईकडे गेल्या. ज्या बाईने आयुष्यभर उंबऱ्याच्या आत दारूचा वास येऊ दिला नाही, ती चरवीवर फडकं बांधून गल्लीतून ताठ चालत आली. येताना कोणी विचारलं, मावशी दूध कोणाचं? म्हणाल्या, "म्हशीचं."

"शपथ त्यानं घेतली," त्या बायकोला म्हणाल्या. "प्यायची नाही अशी. मी पाजून राह्यली. हे औषध हाये आन् पाप लागलं तं मले लागंल."

तुपाची पळी होती आमच्याकडे. त्या पळीने त्या मोजून त्याला पाजत. आधी जास्त वेळा, मग कमी, मग पळी अर्धी. लहान मुलाला काढा पाजावा तसं एका हाताने त्याची हनुवटी धरून. माळ खुंटीलाच होती. त्या दिवसांत त्या देवाच्या कोनाड्यासमोर बसत नसत, लांबूनच हात जोडत. हळूहळू त्याचे हात थांबले. कापूस वेचणं थांबलं. एके दिवशी तो झोपला आणि चांगला दुसऱ्या दुपारपर्यंत झोपला. बायको जवळ बसून त्याचं पांघरूण तोंडावरून खाली खाली ओढत होती.

उठल्यावर सासूबाईंनी पुन्हा विचारलं, आता तरी सांग, गावी काऊन जात नाही?

तो बराच वेळ मुलीच्या पायातल्या वाळ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "यष्टी त्या फाट्यावर थांबते मावशी. त्याची माय तिथं येऊन बसते म्हनतात. जिनातून येनाऱ्या एकेकाले इचारते, कसा मेला माहा लेक? मी काय सांगू?"

म्हणजे एवढंच होतं. घर लोणारच्या पलीकडे आणि वाट त्या फाट्यावरून. ती टाळण्यासाठी माणूस खामगावात मरायला तयार होता. मला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी अशी कणव आली की मी आत जाऊन उगाच पीठ मळायला घेतलं.

सासूबाई उठल्या. फळीवरून ते चेपलेलं ताट काढलं, राखेने घासलं आणि पिशवीत घातलं. "कोनाचं भांडं आपल्याकडं ठिवून घेऊ नये," म्हणाल्या. "याचा धनी येनार नाही. त्याच्या मायले देऊन येऊ. तू बी चाल." हे शेवटचं मला. का, ते सांगितलं नाही. त्यांनाही एकटीला भीती वाटली असावी, असं मी धरून चालले.

चैत्राचं ऊन होतं. गाडीत तो खिडकीशी बसला होता आणि पिशवी त्याच्या मांडीवर दिली होती. मेहकर सोडल्यावर त्याला घाम फुटला. सासूबाईंनी औषधाची लहान बाटली सोबत घेतली होती, ती कनवटीला चाचपून पाहिली, पण दिली नाही. फाट्यावर उतरलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. उन्हामुळे म्हातारी घरीच होती. घर म्हणजे एक खोली आणि पुढे तुराट्यांचं कुंपण. ती सावलीत बसून तुराट्या मोडून चुलीजोग्या करत होती. आम्ही चौघं आणि कडेवरची मुलगी असे तिच्या दारात उभे राहिलो.

सासूबाईंनी ताट पुढे केलं. "तुमच्या लेकाचं हाये. आमच्या खानावळीत राह्यलं होतं."

तिने घेतलं. चेपलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. "त्याच्या बापाचं ताट हे," म्हणाली. मग मान वर करून लोणारवाल्याकडे बघितलं. "तू त्याचा जोडीदार ना? वळखलं मी तुले. बस ना."

तो बसला नाही. उभाच होता, ओठ हलत होते. म्हातारीने ताट मांडीवर ठेवलं.

"मले एकच सांग. थंडी वाजली असंल का रे त्याले?"

आम्हाला कोणाला काही कळलं नाही. त्या उन्हात थंडी हा शब्दच कानाला विचित्र लागला. ती सांगत राहिली. "वाकळ एकच होती. तो म्हने तू ठेव. मी नाही म्हनाले पायजे होतं. मी ठेवली. औंदा पौषात लय थंडी पडली. मंग निरोप आला, जिनात मेला. जिनात कसा मरते मानूस? मी समजली. पांघरून नव्हतं लेकराजवळ. कुडकुडून मेला. ते वाकळ तशीच हाये घरात, मी नाई घेत अंगावर."

हंगामभर तो काय सांगू म्हणून मरत होता, आणि इकडे ही असं समजून बसली होती. मला वाटलं आता याने एक वाक्य बोलावं आणि गप्प राहावं. तो ते वाक्य बोललाही.

"थंडी नव्हती, माय. कापसात निजला होता. कापसात लय ऊब राह्यते."

म्हातारीचे खांदे खाली आले. तिथे थांबला असता तर चाललं असतं. सासूबाईंनी त्याची बाही ओढली. पण तो थांबला नाही.

"वरून कापूस मी टाकला. मले दिसला नाई तो. टोपल्याच्या टोपल्या मीच टाकल्या, माह्या या हातानं."

त्याच्या बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिलाही हे ठाऊक नव्हतं. इतके दिवस तिने भूत उतरवलं होतं आणि भूत कोणतं ते तिला आज कळत होतं. मुलगी कुंपणाची तुराटी उपसायला बघत होती.

म्हातारी ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "मंग तूच पांघरून घातलं त्याच्यावर."

एवढं म्हणून ती उठली, ताट घेऊन आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही. आम्ही बसून राहिलो. सासूबाईंनी एकदा हाक मारली. आतून ओ आली नाही, रडण्याचा आवाजही आला नाही. लोणारची गाडी यायची वेळ झाली तेव्हा आम्ही उठलो. फाट्यावर लोणारवाला आणि त्याची बायको मुलीला घेऊन गाडीत चढले. चढताना त्याने मागे पाहिलं नाही. पण तो चढला, आणि गाडी त्याच्या गावाकडे गेली.

आम्ही दोघी परतीच्या गाडीत भांडलो. सासूबाईंचं म्हणणं, तिने माफ केलं. आईच्या पोटातूनच असं वाक्य निघतं, म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही. मी तिचा चेहरा बघत होते. तो मायेचा नव्हता आणि रागाचाही नव्हता. पीठ संपलं असं सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं. तुले काय कळते, सासूबाई म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, माळ गळ्यात घातली आणि चरवी विस्तवावर धरून शुद्ध केली. ती चरवी पुन्हा दुधाला मात्र वापरली नाही.

फळीवर त्या ताटाच्या जागी भिंतीवर एक गोल डाग उरला. बाकी भिंत धुराने काळी झालेली, तेवढाच गोल पांढरा, एका बाजूने चेपलेला. दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्ही पडवी सारवायचो, भिंतीला मातीचा पोतेरा द्यायचो. तो गोल मी पोतेऱ्याखाली घालवला की महिन्याभरात धुराने पुन्हा वर यायचा. कसा, ते मी सांगू शकत नाही.

लोणारवाला पुढच्या हंगामाला आला. त्याची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. सणावारी प्यायचा, कधी तसाही प्यायचा, पण जेवायला रोज यायचा आणि होळी झाली की ताट पालथं घालून घरी जायचा. प्यायला की म्हणायचा, "पांघरून घातलं मी, मावशी. मायनं सोता म्हनलं." सासूबाई म्हणत, हो रे बापा. पण हे सांगताना त्याचा आवाज सुटलेल्या माणसाचा नसायचा. त्याला ते वाक्य पुरत नव्हतं. तो ते पुन्हा पुन्हा ओढून घ्यायचा, आखूड वाकळ ओढावी तसं.

ढिगावर चढून विचारणं त्याने सोडलं नाही. आता मुकादमही बोलत नव्हता. मग चिखलीवाल्याने विचारायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच. का विचारतो हे नव्यांना कोणी सांगत नसे. काही वर्षांनी लोणारवाला यायचा थांबला. घरी शेतात राबतो असं ऐकलं. त्याही नंतर ढिगांवरून हाक यायची, आणि ती मारणाऱ्यांपैकी एकानेही जोडीदाराला पाहिलेलं नव्हतं.

सासूबाई गेल्या, खानावळ गेली, ते जिनही आता पडून आहे. माझ्या घरात मात्र तोंडावरून पांघरूण घेऊन झोपायची कोणाला सोय नाही. मुलं लहानपणी चिडायची, आता नातवंडं चिडतात. परवा नातू परीक्षेचा अभ्यास करून दुपारी डोक्यावरून चादर ओढून पडला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन जात होते, थांबले. तोंडावरची चादर खाली केली, नाकाजवळ हात धरला आणि माझ्या तोंडून गेलंच, हाय का बे कोनी? तो झोपेत वैतागला, आजी जा ना, म्हणाला. हाताला त्याचा ऊन श्वास लागला. मी तांब्या घेऊन पुढे गेले.